दोऱ्यांचे दप्तर

१५६१ साली लिमाच्या स्पॅनिश न्यायालयात एक अर्ज दाखल झाला. अर्जदार होते पेरूच्या मध्य डोंगराळ पट्ट्यातल्या हाउहा खोऱ्याचे स्थानिक सरदार. त्यांचे म्हणणे असे, की स्पॅनिश सेनानी पिझारोची फौज १५३३ मध्ये आमच्या मुलखात आली तेव्हापासून आम्ही स्पेनच्या राजाची बाजू धरली, इंकांशी लढलो, पुढे स्पॅनिश लोक आपसांत भांडू लागले तेव्हाही सरकारी सैन्याला रसद पुरवली. या सगळ्याची भरपाई आम्हाला मिळावी. राजाकडे मोबदला मागणारे अर्ज त्या काळी ढिगाने येत. या अर्जाला जोडलेला पुरावा मात्र गाठी मारलेल्या दोऱ्यांचा होता. अमुक सेनापतीला किती माणसे दिली, किती लामा, किती कापड, किती मका, किती बटाटे, किती पायताणे, किती मडकी, किती सरपण आणि कोळसा, हे सरदारांची माणसे दोऱ्यांवरून सांगत, दुभाषा ते स्पॅनिशमध्ये फिरवी आणि लेखनिक कागदावर उतरवून घेई. आपण होऊन दिलेले किती आणि शिपायांनी लुटून नेलेले किती, याचा हिशेबही वेगवेगळा होता.

हाउहातल्या या दोऱ्यांची कीर्ती त्याआधीच पसरलेली होती. पेद्रो सिएसा दे लेओन हा शिपाई आणि बखरकार १५४७ ते १५५० या काळात पेरूत हिंडला. दोऱ्यांवर एवढा हिशेब राहतो यावर त्याचा विश्वास नव्हता. तेव्हा हाउहाच्या एका सरदाराने आपली माणसे बोलावून, पिझारो खोऱ्यात शिरल्यापासून स्पॅनिशांना दिलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब त्याच्यासमोर मांडला. सोने, चांदी, कपडे, मका, जनावरे, काहीही सुटलेले नव्हते. सिएसाने आपण थक्क झालो असे लिहून ठेवले आहे.

या दोऱ्यांना खिपू म्हणतात. पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम न्यायालयातून केली, कारण खिपूची ओळख बहुधा कोडे म्हणूनच करून दिली जाते. हरवलेली लिपी, न उलगडलेले गूढ, इंकांचे रहस्य, असल्या मथळ्यांखाली त्याची छायाचित्रे छापली जातात आणि वाचक आदराने पान उलटतो. मला हे पटत नाही. हाउहाच्या सरदारांना त्यात गूढ काहीच नव्हते. त्यांच्या लेखी ते दप्तर होते : घेतलेल्या-दिलेल्याची नोंद, वेळ आली तर समोरच्याला दाखवायचा कागद. जिंकणाऱ्याने हिशेब ठेवला नसताना जिंकलेल्याने तो ठेवला होता, आणि जिंकणाऱ्याच्याच न्यायालयात मांडला होता. खिपूकडे आधी दप्तर म्हणून पाहावे आणि लिपी की नाही हा वाद नंतर घालावा, एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे.

दप्तर म्हटले की ते कुणाचे, हा प्रश्न येतोच. इंका राज्य पंधराव्या शतकाच्या मध्यापासून झपाट्याने वाढले आणि शंभर वर्षे पुरी व्हायच्या आत कोसळले. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत ते पसरले होते. लोकसंख्येचे अंदाज एकमेकांपासून बरेच दूर आहेत, पण एक कोटीच्या आसपासचा आकडा पुष्कळांना मान्य असतो. या राज्याचे वर्णन करताना चाक नव्हते, घोडा नव्हता, लोखंड नव्हते, लेखन नव्हते, अशी ‘नव्हते’ची यादी देण्याची प्रथा आहे. त्या यादीतून कळते ते एवढेच, की यादी करणारा युरोपातून आला होता. जे होते ते अधिक महत्त्वाचे. हजारो किलोमीटरचे बांधलेले रस्ते होते, त्यांवर टप्प्याटप्प्याने धावत निरोप पोचवणारे चास्की होते, आणि डोंगरउतारांवर रांगांनी बांधलेली कोठारे होती. वानुको पाम्पा या एकाच ठिकाणी अशा जवळजवळ ५०० कोठारांचे अवशेष आहेत.

या राज्याचा कर मुख्यतः श्रमाच्या रूपात वसूल होई. रयतेने पाळीपाळीने येऊन रस्ता बांधायचा, राज्याच्या शेतात राबायचे, कापड विणायचे, लढायला जायचे. सोन्याचांदीची नाणी मोजणाऱ्या राजाला प्रत्येक घर ठाऊक नसले तरी भागते. श्रम वसूल करणाऱ्याला मात्र कोणत्या खोऱ्यात काम करण्याजोगी किती कुटुंबे आहेत, त्यांतली किती आधीच कामावर गेली आहेत, कुणाची पाळी केव्हा, हे सतत माहीत असावे लागते. म्हणून दहा, शंभर, हजार आणि दहा हजार कुटुंबांचे गट पाडून प्रत्येक गटावर एकेक अधिकारी नेमण्याची पद्धत होती. प्रत्यक्षात गट इतके नेमके भरत नसणार, पण हिशेबाची भाषा दशमान होती. खिपूही दशमान आहे, आणि हा योगायोग नव्हे.

आता वस्तू पाहू. जाडसर मुख्य दोरी आडवी धरली तर तिला ओळीने लोंबत्या दोऱ्या बांधलेल्या दिसतात. पसरलेला खिपू लांबून एखाद्या तोरणासारखा दिसतो. लोंबत्या दोऱ्या कधी पाचदहा असतात, कधी शेकड्यांनी. काहींना उपदोऱ्या असतात, उपदोऱ्यांनाही पुढे फाटे फुटतात. काही दोऱ्या मात्र खाली न सोडता वरच्या बाजूला घेतलेल्या असतात. सूत बहुतेक कापसाचे, काही ठिकाणी लामा किंवा अल्पाका यांच्या लोकरीचे. रंग कापसाच्या नैसर्गिक पांढऱ्या-बदामी-तपकिरी छटांचे, आणि रंगवलेलेही. दोन रंगांची सुते एकत्र पिळून पट्टेदार किंवा ठिपकेदार दोरी केलेली असते, आणि हा भेदही मुद्दाम केलेला असतो.

अँडीज पर्वतातल्या लोकांनी हिशेबासाठी दोरी निवडली यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तिथे कापडाला सोन्याहून अधिक मान होता. राजा सरदाराला बक्षीस देई ते तलम विणीचे वस्त्र, आणि सैन्याचे वेतन म्हणूनही कापडच वाटले जाई. सूत कातणे, पीळ देणे, रंग जुळवणे हे सगळ्यांच्या बोटांत भिनलेले होते. पीळ उजवा की डावा हे आपल्याला निरखून पाहावे लागते. त्यांना ते बोटाला कळत असेल. इंकांच्या कितीतरी आधी, पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात, वारी लोकही दोऱ्यांवर नोंदी ठेवत. त्यांच्या खिपूंत रंगीत सुताचे वेढे गाठींइतकेच बोलके आहेत. म्हणजे इंकांनी ही युक्ती शोधली नाही. त्यांनी तिला सरकारी शिस्त लावली.

ती शिस्त प्रथम उलगडून दाखवली ती लेलंड लॉक या न्यूयॉर्कच्या गणितशिक्षकाने. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले खिपू तपासून त्याने १९१२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि १९२३ मध्ये पुस्तक. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. लोंबत्या दोरीच्या खालच्या टोकाजवळ एकक, त्याच्या वर दशक, मग शतक, मग हजार. दशकापासून वरच्या स्थानांत साध्या गाठी : तीन गाठी म्हणजे तीन दशक किंवा तीन शतक. एकक स्थानात मात्र वेगळी गाठ, जिच्यात दोरीचे वेढे मोजायचे : चार वेढे म्हणजे चार. एका वेढ्याची अशी गाठ मारायला गेले तर साधीच गाठ पडते, म्हणून एकासाठी इंग्रजी आठच्या आकाराची निराळी गाठ (देवनागरी आठ डोळ्यांसमोर आणणाऱ्याची इथे फसगत होईल). म्हणजे ३०४ लिहायचे तर वर तीन साध्या गाठी, मग मोकळी जागा, आणि टोकाशी चार वेढ्यांची गाठ. मधली मोकळी जागा हे शून्य. संपूर्ण दोरी गाठीविना असेल तर तीही नोंदच : इथे काही नाही.

एककाची गाठ वेगळी ठेवण्यातली हुशारी सहज लक्षात येत नाही. त्यामुळे आकडा कुठे संपला ते कळते, आणि एकाच दोरीवर एकाखाली एक दोन आकडे बांधता येतात. स्थानमूल्य आणि शून्य भारतातून अरबांमार्फत युरोपात गेले, हे आपण शाळेपासून ऐकतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो. अँडीजच्या लोकांपर्यंत ती लाट कधी पोचलीच नव्हती. त्यांचे स्थानमूल्य त्यांनी स्वतःच घडवले.

लॉकचा सर्वात भक्कम पुरावा होता बेरजेचा. वर घेतलेल्या दोरीवरचा आकडा म्हणजे तिच्या गटातल्या लोंबत्या दोऱ्यांची बेरीज, असे त्याला पुन्हा पुन्हा आढळले. ताळा जमला, म्हणजे वाचन बरोबर. पुढे गणितज्ञ मार्शिया अॅशर आणि मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅशर या दांपत्याने १९७० च्या दशकापासून २०० हून अधिक खिपूंची दोरीनदोरी नोंदवली आणि दाखवले, की काही खिपूंतली आकड्यांची मांडणी साध्या बेरजेच्या बरीच पुढे जाते. पण गणित दोरीवर केले जात नसे. ते खडे किंवा दाणे मांडून होई आणि निकाल दोरीवर चढे. वामान पोमा दे आयाला याने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला पाठवण्यासाठी सुमारे बाराशे पानांची सचित्र तक्रार लिहिली; तिच्यातल्या एका चित्रात हातात खिपू धरलेला हिशेबनीस आणि त्याच्या पायाशी घरे पाडलेला गणनफलक दिसतो. ही वही तीनशे वर्षे नजरेआड होती. १९०८ मध्ये ती कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडली.

या हिशेबनिसाला खिपूकामायुक म्हणत. इंका राजघराण्यातली आई आणि स्पॅनिश बाप यांच्या पोटी १५३९ मध्ये इंकांच्या राजधानीत, कुस्कोत, जन्मलेला गार्सिलासो दे ला वेगा सांगतो, की लहानातल्या लहान गावातही असे चार जण असत आणि चौघेही तोच हिशेब ठेवत, म्हणजे कुणाला लबाडी करता येऊ नये. गार्सिलासो मातुल घराण्याचे गोडवे गाताना हात आखडता घेत नाही, त्यामुळे त्याचे प्रत्येक वाक्य जपून घ्यावे लागते. पण एकमेकांशी जुळणारे खिपू खरोखरच सापडले आहेत, तेव्हा इथे त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

स्पॅनिशांनी खिपू जाळून टाकले, हे वाक्य सर्रास वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. लिमाच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने १५८३ मध्ये जुन्या देवधर्माशी संबंधित खिपू काढून घ्यावेत असे ठरवले हे खरे. पण त्याआधी चाळीसपन्नास वर्षे स्पॅनिश अधिकारी त्याच दोऱ्यांवरून वसुली ठरवत होते, न्यायालये त्यांवरून जबान्या घेत होती. आणि ज्या पाद्र्यांनी मूर्तिपूजेच्या दोऱ्या हुडकल्या त्यांनीच आपल्या भक्तांना पापांची उजळणी दोरीवर करायला सांगितले. होसे दे आकोस्ता या जेझुइटाने एका बाईला आयुष्यभराच्या पापांचा कबुलीजबाब दोऱ्यांच्या जुडग्यावर बांधून आणताना पाहिले होते. खिपू मागे पडला तो मुख्यतः आगीमुळे नव्हे. कागद बाळगणाऱ्या सरकारला दोरीवरचा हिशेब नको होता. दोरीवाल्याशी वाद घालता येत होता, आणि पुष्कळदा तो वाद दोरीवाला जिंकत होता.

हाउहाच्या खटल्याचे कागद सेव्हिलच्या दप्तरखान्यात टिकले आणि विसाव्या शतकात छापले गेले. ते वाचून जॉन मर्रा या अँडीजच्या थोर अभ्यासकाला एक गोष्ट जाणवली. वस्तूंचा क्रम वर्षागणिक तोच येतो : आधी माणसे, मग लामा, मग कापड, मग धान्ये, आणि भांडी, सरपण, गवत पुष्कळ खाली. स्पॅनिश लेखनिकाने असा क्रम लावला नसता. दोरीवरचा क्रम कागदावर उतरला होता, आणि त्यातून कोणत्या वस्तूला किती मोल होते याची उतरंड दिसत होती. मला हे निरीक्षण फार मोठे वाटते, कारण मर्रासमोर एकही गाठ नव्हती. ज्या दोऱ्या वाचून ते कागद झाले, त्या आज कुठेही नाहीत.

उलट, ज्या दोऱ्या आहेत त्यांना कागद नाहीत. जगभर मिळून आज हजाराहून थोडे अधिक खिपू शिल्लक आहेत आणि त्यांचा सर्वात मोठा संग्रह बर्लिनमध्ये आहे. डोंगरातले खिपू पावसापाण्यात कुजले; टिकले ते बहुतेक किनाऱ्याच्या कोरड्या वाळवंटातल्या थडग्यांतले. त्यांतले पुष्कळसे थडगी उकरणाऱ्यांनी विकले आणि संग्रहालयांनी घेतले, त्यामुळे कोणत्या गावचा, कुणाच्या शेजारी ठेवलेला, काहीच कळायला मार्ग नाही. राजधानीचे दप्तर गेले आणि आपण दूरच्या तालुक्यांच्या काही चोपड्यांवरून राज्य ओळखू पाहतो आहोत, हे खिपूबद्दलचे कोणतेही ठाम विधान वाचताना लक्षात ठेवावे.

म्हणूनच जागेवर सापडलेल्या खिपूंना मोल आहे. लिमाजवळच्या पुरुचुको इथे १९५६ मध्ये एका घराच्या जमिनीखाली पुरलेल्या रांजणात २१ खिपू मिळाले. अर्धशतकाने, २००५ मध्ये, गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझिन या संशोधकांनी दाखवून दिले, की त्यांतले काही तीन पातळ्यांवर एकमेकांशी जुळतात : खालच्या खिपूंवरच्या आकड्यांच्या बेरजा मधल्या पातळीवर येतात, तिथल्या वरच्या पातळीवर. गावचा हिशेब वर चढत असताना, किंवा वरचा हुकूम खाली उतरत असताना, पकडला गेला आहे. कान्येते खोऱ्यातल्या इंकावासी इथे आलेहांद्रो चू यांच्या उत्खननात तर खिपू थेट कोठारांत मिळाले, भुईमूग, मिरच्या आणि शेंगांच्या सोबत. भुईमुगाच्या ढिगाशेजारी भुईमुगाचा हिशेब, इतके सरळ दृश्य या विषयात क्वचितच दिसते.

तिसरा शोध एका विद्यार्थ्याचा आहे. किनाऱ्यावरच्या सांता खोऱ्यातले सहा खिपू आणि त्याच भागातली १६७० ची स्पॅनिश खानेसुमारी, दोन्ही संशोधकांना ठाऊक होती. हार्वर्डमध्ये पदवीला शिकणाऱ्या मॅनी मेद्रानोने सुट्टीत ती शेजारी ठेवून पाहिली. खानेसुमारीत १३२ करदाते होते. खिपूंत सहा-सहा दोऱ्यांचे गटही जवळजवळ तितकेच होते. दोरी मुख्य दोरीला पुढून बांधली की मागून, यावरून करदाता गावाच्या कोणत्या अर्ध्या भागातला हे कळत असावे, असा निष्कर्ष त्याने अर्टन यांच्याबरोबर २०१८ मध्ये मांडला. अजून एकही नाव नक्की वाचता आलेले नाही. पण बांधण्याची दिशा ही निव्वळ सवय नसून माहिती आहे, हे कळणे थोडे नव्हे.

आता लिपी की नाही हा वाद. सुमारे एक तृतीयांश खिपू लॉकच्या नियमात बसत नाहीत. त्यांतल्या गाठी आकड्यांसारख्या वागत नाहीत. त्यांत वंशावळी, पराक्रम, निरोप असतील काय? इंकांच्या वंशकथा खिपूवरून सांगितल्या जात असे बखरी म्हणतात. २०१५ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ सबीन हायलंड यांना सान हुआन दे कोयाता या डोंगरी गावाने चर्चमधल्या लाकडी पेटीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले दोन खिपू दाखवले. ही आमच्या पुढाऱ्यांनी युद्धाच्या काळात पाठवलेली पत्रे आहेत, असे गावकऱ्यांनी सांगितले. लामा, अल्पाका, विकुन्यापासून हरणापर्यंत सहा प्राण्यांचे केस आणि लोकर, चौदा रंग, आणि रंग-तंतू-पीळ यांच्या मिश्रणातून ९५ वेगवेगळी चिन्हे हायलंड यांनी मोजली. उच्चार दाखवणाऱ्या लिपीला एवढी चिन्हे पुरू शकतात. त्यांचा तर्क धाडसी आहे आणि मला आवडतो. पण हे खिपू अठराव्या शतकातले आहेत. तोवर दोनशे वर्षे या लोकांच्या डोळ्यांसमोर अक्षरे होती. कोयाताची पत्रे उद्या वाचता आली तरी इंका सम्राट पत्रे लिहीत असे त्यातून सिद्ध होणार नाही, एवढे भान ठेवलेले बरे.

लेखन म्हणजे बोललेले शब्द टिपणे, ही व्याख्या धरली तर बहुतेक खिपू लेखन ठरत नाहीत. जबाबदारी निश्चित करणारी, दुसऱ्याला तपासता येणारी, लांब पाठवता येणारी नोंद म्हणजे लेखन, असे म्हटले तर ते निःसंशय लेखन आहे. माझा कल दुसरीकडे आहे, पण या वादात मी वाचकाचा फार वेळ घेणार नाही. माझ्या मते अधिक मोठा बदल दुसऱ्याच बाजूने येतो आहे.

खिपू हे वरच्या वर्गातल्या मोजक्या कारकुनांचे काम, असे बखरींच्या आधारे सगळे धरून चालले होते. २०२५ मध्ये हायलंड आणि सहकाऱ्यांनी एक खिपू तपासला, ज्याची मुख्य दोरी माणसाच्या लांब केसांची आहे; काळ १४९८ च्या आसपासचा. अँडीजमध्ये केसात ती व्यक्ती वसते असे मानत, तेव्हा ते केस बांधणाऱ्याची सही असावेत. केसांच्या रासायनिक तपासणीवरून त्या व्यक्तीचा आहार कंदमुळे आणि भाजीपाल्याचा ठरला; मांस आणि मका थोडाच. सरदार मांस खात आणि मक्याची दारू, चिचा, पीत. म्हणजे हा हिशेब साध्या घरातल्या कुणाचा तरी दिसतो. एका खिपूवरून सगळे ठरत नाही, पण प्रश्न उघडतो. माक्स उले याने १८९७ मध्ये बोलिव्हियातल्या एका मेंढपाळाच्या हिशेबाच्या दोरीचे वर्णन केले होते. लिमाच्या वरच्या डोंगरातल्या तुपिकोचा गावात फ्रँक सॅलोमन यांना १९९० च्या दशकात गावच्या घराणेगटांचे खिपू सापडले. वर्षारंभीच्या गावसभेत नव्या पदाधिकाऱ्यांच्या अंगावर ते चढवले जातात आणि सभेचा जमाखर्च शेजारच्या वहीत लिहिला जातो. हे सगळे आजवर इंकांच्या दरबारी विद्येचे झिरपत खाली आलेले अवशेष समजले गेले. सामान्य घरांतही इंकाकाळात दोऱ्या बांधल्या जात असतील तर क्रम उलटा लावावा लागेल : गावची पद्धत जुनी, आणि राज्याने तीच उचलून वाढवली. पुढची प्रकरणे या शक्यतेला धरून लावली आहेत, म्हणून पहिले प्रकरण कुस्कोच्या राजवाड्यात न उघडता तुपिकोचाच्या गावसभेत उघडते.